तलवारवाल्या बायका आणि एक सभ्य गिऱ्हाईक

गेली वीसेक वर्षं मी तलवारी घेतलेल्या बायका काढते. हौस म्हणून नव्हे, पोटापाण्याचा उद्योग म्हणून. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत बहुतेकांचा समज असा आहे की मी इतिहासाच्या पुस्तकांसाठी वीरांगनांची चित्रं काढते, आणि मीही तो कधी खोडून काढलेला नाही. समोरच्या वहिनींना 'हेवी मेटल' समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं पडतं.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. हेवी मेटल म्हणजे गिटार विजेला जोडून, ड्रम फुटेस्तोवर बडवून आणि घसा खरवडून गायचं संगीत. मी ते ऐकते का? काम चालू असताना ऐकते, कारण बँडवाले पाठवतात आणि मग ऐकलंत का म्हणून विचारतात. एकदा सवय झाली की वॉशिंग मशीनच्या आवाजासारखी त्याची सोबत होते. या संगीताच्या अल्बमच्या कव्हरवर एक वेगळंच जग असतं. काळे ढग, बर्फाचे कडे, कवट्या, एखादा ड्रॅगन, आणि मधोमध चिलखत घातलेली बाई. ती मी काढते. त्याआधी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी लग्नपत्रिका आणि कॅलेंडरवरच्या देव्या काढत असे. तिथे मालकांचा भाचा आपल्या बँडसाठी चित्र मागायला आला आणि माझ्या देव्यांच्या हातातली कमळं गेली. परदेशातले लोक अजून मला 'डिअर सर' लिहितात. सहीत फक्त आडनाव असल्यामुळे त्यांना वाटतं, केस वाढवलेला कुणी बाप्या असणार.

हा मजकूर लिहायला बसले तेव्हा असल्याच गमती सांगायच्या असं ठरवलं होतं. पण खरं तेच लिहायचं तर मला एका गिऱ्हाइकाबद्दल लिहावं लागेल. ते प्रकरण होऊन बराच काळ लोटला, तरी अजून लिफ्टचं दार वाजलं की माझ्या हातातला कुंचला थांबतो.

आधी काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कव्हर चौकोनी असतं. वरचा भाग बँडच्या नावासाठी मोकळा सोडायचा. ते नाव अशा काटेरी अक्षरांत असतं की खुद्द बँडवाल्यांनाही वाचता येत नसावं. चित्र गाण्याच्या मोठ्या तबकडीच्या कव्हरवर शोभलं पाहिजे आणि मोबाइलवर पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं तरी कळलं पाहिजे. म्हणून मी मधूनमधून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघते. बाई दिसली, तलवार दिसली, की झालं.

आणि बाई खरी लागते. मनानं काढलेली बाई हवेत तरंगते, तिच्या पायाखाली वजन नसतं. त्यामुळे कुणीतरी उभं राहावं लागतं, त्याचे फोटो काढावे लागतात. या धंद्यातले जवळजवळ सगळे लोक घरच्याच माणसांना उभं करतात. आमच्याकडे केतकी उभी राहते, म्हणजे माझी मुलगी. नोकरीला लागल्यावर एकदा सहज म्हणाली, 'आई, मी उभी राहू का?' आणि मग तेच सुरू झालं. रविवारी सकाळी गच्चीवर जळमटं काढायच्या झाडूची काठी म्हणजे तलवार, परात म्हणजे ढाल आणि जुनी चादर म्हणजे अंगरखा. आमचे हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. लोखंडाशीच आयुष्य गेल्यामुळे चिलखताची तपासणी यांच्याकडे. 'अगं, इथे रिव्हेट नाही मारला तर हा पत्रा खांद्यावर राहील कसा?' असं म्हणून माझं अर्धं चिलखत बाद करतात.

पोट उघडं ठेवण्यावरून बँडवाल्यांशी माझं नेहमी वाजतं. आपल्याच भागातली चार पोरं एकदा घरी आली होती, काळे टी-शर्ट, हातभर चांदीची कडी. मला साडीत पाहून आधी चपला काढाव्यात की नाही इथपासून गोंधळ. मग त्यातला एक धीर करून म्हणाला, 'काकू, आर्मर थोडं कमी चालेल का? म्हणजे सगळे असंच करतात.' मी म्हटलं, 'चालेल की. लढाईला जाताना तूही शर्ट काढून जा, आणि पहिला वार कुठे बसतो ते मला येऊन सांग.' माझ्या बायका अंगभर चिलखत घालतात. त्यामुळे काही कामं गेली आणि काही त्याचमुळे आली.

चेहऱ्याच्या बाबतीत माझा एक नियम होता. केतकीचा चेहरा घ्यायचा, पण तिच्या खुणा घ्यायच्या नाहीत. भुवईवरचा व्रण, गालावरची खळी, डाव्या कानाखालचा तीळ हे सगळं सोडून द्यायचं. ओळखीचा माणूस 'ही केतकीसारखी दिसते' म्हणाला तर चालेल, पण 'ही केतकीच' असं कुणाला म्हणता येऊ नये. तेवढं अंतर पुरेसं आहे असं मला वाटत होतं.

बँडशिवाय काही खासगी गिऱ्हाइकंही येतात. परदेशातलं एक संकेतस्थळ आहे, तिथे चाहते आपल्याला हवं ते चित्र सांगतात. टोपणनावानं येतात, पैशाचा व्यवहार संकेतस्थळ बघतं, आणि आपण रंगवलेल्या चित्राचा फोटो काढून मोठी फाईल पाठवली की काम संपतं. तिथे मला एक निरोप आला, चक्क मराठीत. 'आदरणीय महोदया, आपल्या कलेचा मी निस्सीम चाहता आहे.' शुद्धलेखन इतकं चोख की मी तो निरोप यांना वाचून दाखवला. 'बघा, अजून अशी मुलं आहेत,' असंही मी म्हणाले. खाली नाव नव्हतं, नुसतं 'आपला नम्र'. एका बँडच्या कव्हरवरची बाई त्याला आवडली होती आणि तीच बाई कड्यावर उभी असलेली हवी होती. मी काढून दिली. आभाराचं छान उत्तर आलं.

काही आठवड्यांनी दुसरं चित्र. तीच बाई विहिरीच्या काठावर बसलेली, तलवार बाजूला ठेवलेली, शिरस्त्राण नको, मान किंचित खाली. तिसऱ्यात ती गुडघ्यावर बसलेली, हात मागे बांधलेले, आपण तिच्या पाठीमागून बघतोय. आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच कळायला हवं होतं. पण आमच्या धंद्यात साखळदंड, बंदिवास, वेताळ हे रोजचंच. स्वयंपाक्याला सुरी बघून भीती वाटत नाही, तसं ते आहे. मी रेखाटन पाठवलं आणि भाजी चिरायला बसले.

उत्तर जेवणानंतर वाचलं. 'महोदया, रचना अप्रतिम. एक किरकोळ सूचना. डाव्या कानाखालचा तीळ राहिला आहे. कृपया घालावा.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग उठून कपाटातून आजवरची सगळी कव्हरं काढली आणि भिंग घेऊन एकेक तपासलं. कुठेतरी चुकून तीळ घातला गेला असेल, तर बरं होईल असं वाटत होतं. माझीच चूक निघावी म्हणून मी आयुष्यात इतकी आसुसले नव्हते. एकाही चित्रात तीळ नव्हता. केतकी तेव्हा हिंजवडीला ऑफिसात होती. मी फोन केला, तिनं उचलला आणि म्हणाली, 'आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?' मी म्हटलं, 'काही नाही, सहज.'

घरात कुणाला सांगितलं नाही. आपणच उगाच घाबरतोय असं स्वतःला बजावत तिसरं चित्र पुरं केलं, तीळ न घालताच. त्यावर तो काही बोलला नाही. उलट चौथं चित्र सांगितलं. ती आता पायऱ्यांवर पडलेली हवी होती, डोळे मिटलेले, डावीकडून आणि थोडं वरून बघितल्यासारखी. 'पार्श्वभूमीसाठी संदर्भ जोडत आहे. भग्नावशेषांचं रूप आपण आपल्या कल्पनेनं द्यावं.' सोबत एक फोटो होता, दिवसाउजेडी काढलेला. दगडी फरशीच्या पायऱ्या, लोखंडी कठडा आणि कठड्याला साखळीनं बांधलेली एक हिरवी सायकल.

सायकल यांची होती. पायऱ्या आमच्या जिन्याच्या.

यांना हाक मारून कॉम्प्युटरपाशी बोलावलं. यांनी फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि जाऊन दाराची कडी आतून लावली. संध्याकाळी केतकी आली तेव्हा तिला सगळं दाखवलं. आधी ती हसली. 'क्रीपी आहे, पण आई, इंटरनेटवर असे वेडे असतात.' मग तिळाचा निरोप वाचला, आणि तिचा हात आपोआप कानाखाली गेला. त्यानंतर ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलीस चौकीत गेलो. तिथे एक उपनिरीक्षक बाई होत्या, वय असेल केतकीपेक्षा थोडं जास्त. त्यांनी चित्रं नीट पाहिली.

'हे तुम्ही काढता?'

'हो.'

'छान आहेत. यानं धमकी दिली आहे का?'

'नाही. आभार मानलेत.'

'पैसे बुडवलेत?'

'एकदाही नाही.'

त्यांनी पेन खाली ठेवलं. 'ताई, अडचण समजून घ्या. नाव नाही, नंबर नाही. ती कंपनी परदेशातली. आम्ही पत्र पाठवतो, उत्तर कधी येईल ते मी सांगू शकत नाही. पण हा माणूस तुमच्या जिन्यात येऊन गेलाय, त्यामुळे मी हे सोडणार नाही.' मग केतकीला बाहेर बसायला सांगून त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, 'चित्र बंद करू नका. चालू आहे म्हणून सांगा. चित्र बाकी आहे तोवर तो वाट बघत बसेल. तुम्ही नाही म्हणालात तर काय करेल, ते मला माहीत नाही.'

म्हणजे मला ते चित्र काढायचं होतं.

एरवी मला कामाची तक्रार नसते. कंटाळवाणी कामं केली, फुकट गेलेली केली. पण ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सकाळी केतकी कंपनीच्या बसला जायची. हे स्कूटर घेऊन बसच्या मागे हिंजवडीपर्यंत जायचे आणि गेटमधून ती आत गेली की परत फिरायचे. मी दार लावून चित्रासमोर बसायचे. पायऱ्या काढल्या, कठडा काढला, कठड्यावर वेली चढवल्या. मग तिला काढायला घेतलं. अधूनमधून त्याला पाठवायला अर्धवट चित्राचे फोटो लागत, त्यामुळे नुसत्या थापा मारून चालणार नव्हतं. पावसाळी हवेत तेलरंग वाळत नाही, हे कारण मी पुरवून पुरवून वापरलं. तो समजूतदारपणे लिहायचा, 'घाई नाही महोदया. उत्तम कलाकृतीला वेळ लागतोच.' त्या समजूतदारपणाचीच मला जास्त भीती वाटायची.

घरातली बोलणीही बदलली. बेल वाजली की तिघंही एकमेकांकडे बघायचो. दूधवाला, कुरिअरवाला, गॅसवाला, सगळ्यांचे चेहरे मी काढायला बसल्यासारखे न्याहाळायचे. भाजीवाला एकदा म्हणाला, 'काकू, काय झालं, ओळखलं नाही का?' वीस वर्षं ज्याच्याकडून मेथी घेतली त्याच्यावर मी संशय घेत होते.

आणि असं बसल्या बसल्या एकदा माझ्या लक्षात आलं की मी चेहरा शोधतेय, आणि शोधायला हवा डोळा. प्रत्येक चित्रात बघणाऱ्याचा डोळा कुठेतरी असतोच. तो वर आहे की खाली, समोर की मागे, हे ठरवल्याशिवाय आम्हाला पहिली रेघ मारता येत नाही. त्याच्या सगळ्या मागण्या मी ओळीनं मांडल्या. मान खाली. पाठीमागून. डाव्या बाजूनं. थोडं वरून. दर वेळी तेच. हा माणूस केतकीला समोरून बघतच नव्हता. तो तिच्या मागे होता, डावीकडे, हातभर अंतरावर. आणि तीळ दिसायचा म्हणजे केस वर बांधलेले हवेत.

केतकी आल्या आल्या मी विचारलं, 'तू केस वर कधी बांधतेस?'

'बसमध्ये. खिडकीला डोकं टेकून झोपते ना. ऑफिसात सोडते.'

'डाव्या खिडकीशी बसतेस?'

'हो, नेहमीची सीट आहे.' ती बोलता बोलता थांबली. सीट आणि खिडकी यांच्यामध्ये जी फट असते, ती तिलाही दिसली असावी. 'मागे निनाद बसतो,' ती म्हणाली. 'पण आई, निनाद नाही. शक्यच नाही.'

मलाही ते पटेना. निनाद ऑफिसात दुसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याशा टीममधला, तिच्याच स्टॉपवर चढणारा मुलगा. मागच्या वर्षी केतकी बसमध्ये छत्री विसरली तेव्हा तो ती द्यायला घरी आला होता. मी आग्रह करून पोहे खायला घातले. भिंतीवरची कव्हरं बघत तो म्हणाला होता, 'काकू, काय डिटेल आहे. मॉडेल कोण असतं?' आणि मी कौतुकानं सांगितलं होतं, 'अरे, ही काय, आमची केतकीच.' जाताना यांच्या पाया पडून गेला.

संशय खरा नसला तर एका चांगल्या मुलाला आपण बरबाद करू, खरा असला तर मुलगी रोज त्याच्यापुढे मान टाकून झोपतेय. या दोन गोष्टींच्या मध्ये आम्ही तिघं चहा न पिता बसलो होतो. तोड केतकीनंच काढली. 'आणखी एक तीळ काढ,' ती म्हणाली. 'तुला येतं ना?'

उपनिरीक्षक बाईंना फोन करून विचारलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. पण करून बघा. आणि काही झालं तर पहिला फोन मला.'

सकाळी केतकी खिडकीशी स्टुलावर बसली, केस वर घेऊन. तेलरंग त्वचेला चालत नाही, म्हणून तिच्याच मेकअपच्या डब्यातलं घेतलं. खरा तीळ राहू दिला आणि माझ्या सगळ्यात बारीक कुंचल्यानं त्याच्या खाली, बोटभर अंतरावर, दुसरा काढला. एवढासा ठिपका. आयुष्यात ड्रॅगनच्या अंगावरचे खवले मी हजारांनी काढले असतील, पण त्या ठिपक्यासाठी मला डावा हात तिच्या खांद्यावर टेकवावा लागला. ठरलं असं होतं की ती बसमध्ये चढल्यावरच केस वर बांधेल, नेहमीसारखी बसेल, झोपेचं सोंग घेईल, आणि ऑफिसच्या गेटवर उतरायच्या आधी केस सोडून ठिपका पुसून टाकेल. म्हणजे तो ठिपका बसबाहेर कुणालाच दिसणार नव्हता.

यांची स्कूटर बसच्या मागे गेली. मी चित्रासमोर बसले. कॉम्प्युटर उघडा ठेवला होता. केतकीचा निरोप आला, 'पोचले. पुसलं.' मी देवापुढे जाऊन उभी राहिले, पण काय मागायचं ते कळेना. निरोप येऊ नये म्हणजे निनाद निर्दोष, पण मग तो माणूस कोण, हा प्रश्न तसाच. निरोप यावा असं तरी कसं म्हणणार?

दुपारी निरोप आला.

'महोदया, क्षमस्व, आधीची सूचना अपुरी होती. तीळ एक नसून दोन आहेत. दुसरा जरा खाली.'

मी उपनिरीक्षक बाईंना फोन लावून निनादचं नाव सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, 'मुलगी आत्ता कुठे आहे?' आणि फोन ठेवला. संध्याकाळी बस सुटायच्या आधी त्या स्वतः साध्या कपड्यांत कंपनीच्या गेटवर हजर होत्या. निनादनं काही आकांडतांडव केलं नाही. 'मॅडम, माझी बॅग घेऊ का?' असं विचारलं म्हणे, सभ्यपणे.

त्याच्या फोनमध्ये केतकीच्या मानेचे फोटो निघाले, फटीतून काढलेले, इतके की बाईंनी मला आकडा सांगायचं टाळलं. खोलीवर माझी तिन्ही चित्रं होती. कॅनव्हासवर छापून, उत्तम चौकट करून, वर छोटे दिवे लावून. चौथ्यासाठी भिंतीवर जागा मोकळी ठेवलेली. बाई म्हणाल्या, 'प्रदर्शनात लावतात तशी लावली होती.' कुणी माझी चित्रं इतक्या निगुतीनं लावल्याचं मी याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, 'तुमच्या गच्चीच्या दाराला कुलूप आहे ना?'

'आहे. का?'

'किल्ल्या किती?'

'दोन. एक आमच्याकडे, एक सेक्रेटरींकडे.'

'तिसरी त्याच्या टेबलाच्या खणात होती.'

ती त्यानं कधी आणि कशी करून घेतली, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. चौकीत त्याचं एकच पालुपद होतं, की मी कुणाला हात लावला नाही, मी फक्त चित्रं करवून घेतली. चित्रं तर काकूंनीच काढली, असंही म्हणाला. तक्रार नोंदली आहे, तो जामिनावर आहे, नोकरी गेली, वडील त्याला गावाकडे घेऊन गेले असं ऐकते. त्याची आई एकदा आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत या म्हणायचं मला सुचलं नाही, आणि त्या तशाच परत गेल्या.

केतकीनं ऑफिस बदललं. आता ती बसनं जात नाही, केस मोकळेच ठेवते, आणि हॉटेलात पाठ भिंतीला लागेल अशीच खुर्ची धरते. माझ्या बायकांना आता मी शिरस्त्राणं घालते, झडप खाली ओढलेली, चेहरा दिसत नाही. बँडवाल्यांना ते फार आवडलंय. 'काकू, मिस्टिरियस वाटतं,' म्हणतात. हे मात्र झडपेची बिजागरी बरोबर आहे की नाही तेवढंच बघतात.

चौथं चित्र उरलं होतं. पोलिसांना त्याचे फोटो पुरले, ज्या फळीवर ते रंगवलं होतं ती नको म्हणाले. ती मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. फेकवत नव्हती आणि बघवतही नव्हती. एका रविवारी सकाळी केतकी माझ्या खोलीत आली आणि मी काही म्हणायच्या आत तिनं ती फिरवली.

तिनं खूप वेळ पाहिलं. मी रंगांच्या नळ्या उगाच इकडच्या तिकडे करत होते. चित्र चांगलं झालं होतं, हे मला ठाऊक होतं. पायरीवर पसरलेले केस, एका बाजूला कललेला चेहरा, सैल पडलेली बोटं. अंगाखाली वजन होतं. मनानं काढलेली बाई तरंगते म्हणून मी वर लिहिलंय, ही तरंगत नव्हती.

'आई,' केतकी म्हणाली, 'हे तू कशावरून काढलंस? मी तर यासाठी झोपले नव्हते.'

मला खोटं बोलता आलं असतं. जुन्या फोटोंवरून, म्हणून सांगता आलं असतं.

'रोज दिसायचं,' मी म्हटलं. 'तुझी बस गेली की दिसायला लागायचं. तू परत येऊन दार वाजवेपर्यंत.'

फळी उचलून तिनं टेबलावर आडवी ठेवली, ड्रॉवरमधून रंग खरवडायची सुरी काढून माझ्या हातात दिली, आणि स्टूल ओढून माझ्यासमोर उजेडात बसली.

'खरवड,' ती म्हणाली. 'मी बसते इथे, तोवर.'

मी चेहऱ्यापासून सुरुवात केली. रंग अजून पुरता वाळला नव्हता, पातळ साल निघावी तसा निघत होता. दर दोन फटकाऱ्यांनंतर मी मान वर करून तिच्याकडे बघत होते, ती आहे ना म्हणून.